सोबतीचा दोर

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त दिलेल्या भाषणाचा मजकूर)



सुवर्णमहोत्सवाच्या ह्या मंगल प्रसंगी चार शब्द बोलण्याचा मान आपण आम्हांला दिलात, त्याबद्दल आपले मनःपूर्वक आभार मानून आरंभ करतो. महाराष्ट्रापासून शेकडो मैल दूर, परक्या भाषेच्या मुलखात गणपती बसवावा, नाटक उभे करावे, दिवाळी अंकांचे वाचनालय चालवावे, आणि हे सारे पन्नास वर्षे अखंड करावे, ही सामान्य गोष्ट नव्हे. ज्यांनी हा भार खांद्यावर वाहिला, त्यांपैकी कित्येक आज आपल्यांत नाहीत. त्यांच्या स्मृतीस प्रथम वंदन.

उत्सवप्रसंगी गतकाळाचा गौरव करण्याची रीत आहे. तो गौरव ह्या व्यासपीठावरून अन्य वक्ते आमच्याहून अधिक अधिकाराने करतील. आम्ही आज निवडलेला विषय आहे, दीर्घ पल्ल्याच्या खेळांत अपंग व्यक्तींना मिळालेले स्थान आणि त्यापासून आपल्यासारख्या मंडळांनी घ्यावयाचा बोध. मॅरेथॉन शर्यतीचा आणि मंडळाच्या कोजागरीचा संबंध तो काय, असे कुणी मनात म्हणेल. तो संबंध दाखविणे हेच ह्या भाषणाचे प्रयोजन.

प्रथम शब्दाविषयी. आमच्या तरुणपणी 'अपंग' हा शब्द रूढ होता. २०१५ नंतर सरकारी व्यवहारात 'दिव्यांग' हा शब्द आला. काहींना तो सन्मानाचा वाटतो. काहींना त्यातील दिव्यत्व अवघडल्यासारखे करते. आम्ही दोन्ही शब्द आदरानेच वापरू. ज्याच्याविषयी बोलावयाचे त्याला त्याच्या नावाने हाक मारावी, ही रीत मात्र दोन्ही शब्दांहून चांगली.

आता थोडा हिशेब. २०११ च्या जनगणनेत देशातील दिव्यांग व्यक्तींची संख्या सुमारे २ कोटी ६८ लक्ष नोंदली गेली. म्हणजे लोकसंख्येच्या २.२१ टक्के, हजारी बावीस. एखाद्या मंडळात चारशे कुटुंबे आहेत आणि कुटुंबात चार माणसे आहेत असे धरले, तर सोळाशे माणसांत अशा व्यक्ती पस्तीस निघावयास हव्यात. आपल्या माहितीतल्या कोणत्याही मंडळाच्या गणेशोत्सवाची गर्दी क्षणभर डोळ्यांपुढे आणावी. त्या गर्दीत पस्तीसजण दिसतात काय? दहा तरी दिसतात काय? जे दिसत नाहीत, ते ह्याच गावात आहेत. आपल्याच इमारतीत, आपल्याच जिन्याच्या वरच्या मजल्यावर आहेत.

त्यांच्या न येण्याला आपल्यासारख्या परमुलखातील कुटुंबांत एक विशेष कारण आहे. गावाकडे अशा मुलाभोवती आजी असते, काकू असते, शेजारच्या दारात बसणारी एखादी म्हातारी असते. न बोलता कुणीतरी त्याच्यावर लक्ष ठेवते. बदलीच्या नोकरीत दर तीन-चार वर्षांनी बिऱ्हाड हलते आणि ते सारे आधार मागे राहतात. मग कार्यक्रमाला वडील थोरल्या मुलीला घेऊन येतात आणि आई धाकट्याजवळ घरी थांबते. पुढल्या कार्यक्रमाला आई येते, वडील थांबतात. "वहिनी आल्या नाहीत?" असे प्रथम विचारले जाते. "जरा बरे नव्हते," असे उत्तर मिळते. दोन वर्षांनी प्रश्नही थांबतो आणि उत्तरही. त्या घरात मराठी बोलली जाते, सणवार होतात; परंतु ते कुटुंब एकत्र असे मंडळात कधीच येत नाही. त्या धाकट्याला मंडळातील मामा, मावश्या, काका कधी लाभतच नाहीत. परमुलखात मंडळ हेच गणगोत असते; तेव्हा ही उणीव लहान समजू नये.

आता खेळांकडे वळू. दीर्घ पल्ल्याचे खेळच आम्ही का निवडले? शंभर मीटरच्या शर्यतीत प्रतिस्पर्धी शेजारच्या पट्टीत असतो. मॅरेथॉनचे तसे नाही. तिथे हजारो माणसे धावतात, जिंकणारा एखादाच असतो, आणि उरलेले सारे ४२.१९५ किलोमीटर अंतराशी आणि आपल्या शरीराशी झुंजून शेवटच्या रेषेवर पोहोचण्यासाठी आलेले असतात. अशा खेळात सर्वांना जागा असणे स्वाभाविक वाटते. तथापि ती जागाही आपोआप झाली नाही.

१९४८ साली, लंडनच्या ऑलिंपिक क्रीडांचे उद्‌घाटन झाले त्याच दिवशी, २९ जुलैला, इंग्लंडमधील स्टोक मँडव्हिल येथील रुग्णालयाच्या आवारात डॉ. लुडविग गुटमान यांनी एक छोटी तिरंदाजीची स्पर्धा भरविली. मज्जारज्जूला इजा झालेले सोळा माजी सैनिक, त्यांत स्त्रियाही होत्या, चाकांच्या खुर्चीत बसून तीर सोडीत होते. आजच्या पॅरालिंपिक स्पर्धांचे मूळ तिथे आहे. १९६० साली रोमला त्यांस आंतरराष्ट्रीय रूप आले.

परंतु ही स्वतंत्र स्पर्धा होती. सर्वांच्या शर्यतीत सर्वांबरोबर धावण्याचा प्रश्न निराळा. १९७५ साली अमेरिकेतील बॉस्टन मॅरेथॉनमध्ये बॉब हॉल नावाच्या, लहानपणी पोलिओ झालेल्या तरुणाने चाकांच्या खुर्चीतून भाग घेण्याची परवानगी मागितली. शर्यतीच्या प्रमुखांनी सांगितले की, तीन तासांच्या आत अंतर पुरे केल्यास अधिकृत प्रमाणपत्र मिळेल. हॉल २ तास ५८ मिनिटांत पोहोचला. ह्या प्रसंगात आम्हांला महत्त्वाचे वाटते ते हे की, त्याने अंतर कमी करून मागितले नाही आणि कुणी ते कमी केलेही नाही. त्याने मागितला तो प्रवेश. पुढल्या वर्षी, १९७६ मध्ये, कृत्रिम पाय लावलेले डिक ट्रॉम न्यूयॉर्कची मॅरेथॉन धावले आणि १९८३ मध्ये त्यांनी अपंग धावपटूंसाठी अकिलीस ह्या नावाचा संघ काढला. त्या संघात अपंग धावपटूंच्या जोडीला धडधाकट माणसेही सोबती म्हणून धावतात.

आपल्या मातीतील उदाहरण द्यावयाचे तर सांगली जिल्ह्यातील पेठ गावचे मुरलीकांत पेटकर यांचे नाव प्रथम घ्यावे लागेल. सैन्यातील हा मुष्टियोद्धा १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून कायमचा जायबंदी झाला. उपचाराचा भाग म्हणून पोहणे सुरू झाले आणि १९७२ च्या पॅरालिंपिक स्पर्धेत ५० मीटर मुक्तशैलीत ३७.३३ सेकंदांची वेळ नोंदवून त्यांनी सुवर्णपदक मिळविले. ही स्पर्धा म्युनिकला व्हावयाची होती. परंतु ऑलिंपिक आटोपताच तेथील खेळाडूंच्या निवासांचे खाजगी घरांत रूपांतर करण्याचे ठरले असल्यामुळे अपंग खेळाडूंसाठी ती जागा उरली नाही आणि स्पर्धा हायडेलबर्गला न्यावी लागली. पदक मिळाले, विक्रम झाला. परंतु जागेचा प्रश्न तेव्हाही होता. पेटकरांना पद्मश्री मिळाली ती २०१८ साली, सेहेचाळीस वर्षांनी.

पन्नास मीटरांची ती झेप झाली. लांब पल्ल्याकडे यावे तर इंग्लिश खाडी आहे. अगदी चिंचोळ्या जागीही तिची रुंदी सुमारे ३४ किलोमीटर. मुंबईचे मूकबधिर जलतरणपटू तारानाथ शेणॉय १९८० च्या दशकात ती पोहून गेले. पश्चिम बंगालचे मसुदुर रहमान बैद्य यांचे दोन्ही पाय लहानपणी आगगाडीच्या अपघातात गेले होते. १९९७ साली त्यांनी ही खाडी पार केली आणि २००१ साली जिब्राल्टरची सामुद्रधुनी. खाडी पोहणाऱ्याच्या बरोबर एक नाव असते. ती त्याला मार्ग दाखविते, खाणेपिणे पुरविते, प्रकृतीवर लक्ष ठेवते. परंतु पोहणाऱ्याने नावेला हात लावावयाचा नाही. लावला तर ते पोहणे धरले जात नाही. पोहणारा सुदृढ असो वा अपंग, नियम एकच. नावेने जवळ असावे, परंतु वाहून नेऊ नये.

ह्याच तत्त्वाचे सर्वांत सुंदर रूप अंध धावपटूंच्या शर्यतीत दिसते. धावपटू आणि त्याचा डोळस सोबती ह्यांच्या हातांत एक आखूड दोर असतो. छोटासाच तो दोर. पण त्याभोवती किती विचार केलेला आहे पाहा. सोबत्याने धावपटूला ओढावयाचे नाही, ढकलावयाचेही नाही. शेवटची रेषा ओलांडताना सोबती पुढे असता कामा नये. धावपटू आधी, सोबती मागाहून. लांब पल्ल्याच्या शर्यतीत एका धावपटूला दोन सोबती घेता येतात, कारण सोबती थकू शकतो हे नियमालाही मान्य आहे. सोबती बदलतो, धावणारा तोच राहतो.

काही पहाटे अशा धावपटूंच्या संगतीने पावले टाकण्याचा योग आम्हांला आला आहे. नवखा सोबती काय करतो ते तिथे पाहावयास मिळते. त्याला वाटते, आपण हात घट्ट धरला पाहिजे. मग धावपटूची लय मोडते, त्याचा खांदा आखडतो, आणि दोघेही धापा टाकू लागतात. जाणता सोबती दोर सैल ठेवतो आणि बोलत राहतो: "डावीकडे वळण", "पुढे गतिरोधक, दहा पावलांवर", "उजवीकडे पाणी साठले आहे". वेग धावपटूचा असतो, सोबत्याने आपले पाऊल त्याच्या पावलाशी जुळवावयाचे असते. विशेष म्हणजे थोड्या वेळाने दोघांच्या गप्पा सुरू होतात: नोकरीच्या, घरच्या, क्रिकेटच्या. दोर आहे ह्याचा दोघांनाही विसर पडतो.

दोघांच्या सायकलीवरही हेच घडते. पुढे डोळस चालक, मागे अंध सायकलपटू, आणि पायडल दोघांनी मारावयाचे. तरुणपणी दृष्टी गमावलेले पुण्याचे दिव्यांशु गणात्रा अशा सायकलीवरून मनालीहून खारदुंग ला खिंडीपर्यंत गेले. अपंग आणि सुदृढ यांनी एकत्र साहस करावे, ह्या विचाराने त्यांनी संस्थाही उभारली. ह्या विचारामागचे मर्म आम्हांला असे दिसते की, अपंगांसाठी वर्षातून एकदा कार्यक्रम केल्याने ओळख होत नाही. बरोबर घाम गाळल्याने ओळख होते.

येथे एक सावधगिरीची सूचना करावीशी वाटते. अशा पराक्रमांच्या कथा ऐकून आपण भारावतो, टाळ्या वाजवितो, डोळे पुसतो आणि घरी जातो. त्यात एक धोका आहे. दिव्यांग माणूस आपल्याला दिसावयाचा तर त्याने खाडी पोहिली पाहिजे, शिखर चढले पाहिजे, अशी अट नकळत तयार होते. सुदृढ माणसाला ही अट नाही. मंडळाचा सभासद होण्यासाठी आपल्यापैकी कुणाला कोणती खाडी पोहावी लागली? चाकांच्या खुर्चीतील माणसालाही सामान्य असण्याचा हक्क आहे. त्यानेही यावे, पंगतीत बसावे, शिरा गोड झाला म्हणून कुरकुर करावी, नाटकाच्या निवडीवरून भांडावे आणि निवडणुकीत पडावे. ज्या दिवशी हे घडेल, त्या दिवशी तो खऱ्या अर्थाने आपल्यांत आला असे समजावे.

ह्यासाठी करावयाचे काय? फार थोडे, परंतु नेमके.

भोंडल्याचे घ्या. पाटावर हत्ती मांडायचा आणि मुलींनी भोवती फेर धरावयाचा. चाकांच्या खुर्चीतील मुलीला आपण मायेनेच सांगतो, "तू इथे बैस आणि बघ." फेर थोडा मोठा केला, पावलांची गती थोडी उतरविली, तर खुर्चीही फेरात येते; मागून कुणी ती ढकलावी, शेजारणीने तिचा हात धरावा. खिरापत ओळखण्यात तर पायांचा काही संबंधच नाही. कोजागरीचे घ्या. चंद्र दिसावा म्हणून आपण गच्चीवर जमतो. लिफ्ट शेवटच्या मजल्यापर्यंत जाते आणि गच्चीचा जिना मात्र पायांनी चढावा लागतो. चंद्र मैदानातूनही दिसतो. दुधाची चव तीच राहते.

पायऱ्यांचे गणित सोपे आहे. एक इंच चढासाठी बारा इंच लांबीचा उतार लागतो. सहा इंचांची एक पायरी असेल तर सहा फुटांचा उतार पुरतो. अशा तीन पायऱ्या असतील तर अठरा फुटांचा. एका वर्षाच्या मांडवाच्या खर्चात तो कायमचा होईल. त्याचा उपयोग बाळाची गाडी ढकलणाऱ्या आईला होईल आणि गुडघ्यांच्या दुखण्याने पहिल्या रांगेतील खुर्ची सोडून दिलेल्या आपल्या संस्थापक सभासदांनाही होईल. वय सर्वांनाच त्या रांगेत नेणार आहे.

मोठा आवाज सहन न होणारी मुले असतात. गणेशोत्सवात एक दिवस सकाळची आरती ढोल आणि ध्वनिक्षेपकाविना, टाळ हलके वाजवून करावी, आणि तशी आगाऊ सूचना द्यावी. ज्यांस ऐकू येत नाही त्यांना नाटकाची संहिता दोन दिवस आधी वाचावयास द्यावी. स्मरणिका ध्वनिमुद्रित करावी. वाचनाची हौस असलेल्या चार सभासदांना हे काम आनंदाचे वाटेल. महाराष्ट्र दिनाला मंडळे पहाटेची पदयात्रा किंवा दौड काढतात. तिची वेळेची मर्यादा वाढवावी, किंवा ज्यांना अधिक वेळ लागतो त्यांना अर्धा तास आधी निघू द्यावे, आणि शेवटचा माणूस पोहोचेपर्यंत कमान उतरवू नये, चहाचे पातेलेही उचलू नये. अंतर मात्र सर्वांना सारखे ठेवावे. जितके जमेल तितके त्याने चालावे. पंगतीत वाढताना आपण भेद करीत नाही, त्याला पंक्तिप्रपंच म्हणतो. तो रस्त्यावरही नको.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे काम द्यावे. दिव्यांग सभासदाला पहिल्या रांगेत बसवून शाल-श्रीफळ देणे सोपे आहे. त्याच्याकडे हिशेबाची वही द्यावी, नाटकाची तालीम द्यावी, स्मरणिकेची मुद्रिते तपासावयास द्यावीत. आणि काम चुकले तर इतरांना विचारतो तसा जाबही विचारावा. ज्याला जाब विचारला जात नाही, तो पाहुणा असतो.

हे सारे औदार्य आहे असे मात्र कुणी समजू नये. २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा १९ एप्रिल २०१७ पासून अमलात आहे. पूर्वीच्या १९९५ च्या कायद्यात सात प्रकारची अपंगत्वे होती, ह्या कायद्यात एकवीस आहेत. सांस्कृतिक जीवन आणि खेळ ह्यांविषयी त्यात स्वतंत्र कलमे आहेत. बदलीच्या नोकरीतील कुटुंबांना उपयोगी अशी एक तरतूदही लक्षात ठेवण्याजोगी आहे: ह्या कायद्यान्वये मिळालेले प्रमाणपत्र देशभर वैध असते. नव्या गावी आलेल्या कुटुंबाला ही माहिती सांगणारा, कोणती शाळा बरी, कोणते डॉक्टर समजून घेतात हे सांगणारा एखादा कार्यकर्ता मंडळाने नेमला, तर त्या कुटुंबाचे पहिले अवघड वर्ष हलके होईल. आणि न येणाऱ्या घरी दोघांनी जाऊन एवढेच विचारावे, "तुम्हां सर्वांना एकत्र यावयाचे तर आम्ही काय करावे?" उत्तर त्या घरालाच ठाऊक असते. दोर कसा धरावा हे धावणाराच सांगतो.

भारत जोडो अभियान आपल्यापैकी काहींना आठवत असेल. १९८५ च्या डिसेंबरात बाबा आमटे तरुणांना घेऊन कन्याकुमारीहून काश्मीरकडे निघाले. तरुण सायकलींवर होते. पाठीच्या कण्याच्या व्याधीमुळे बाबांना बसणे अशक्य होते. ते वाहनात आडवे राहून सारा देश ओलांडीत होते. त्या यात्रेत तरुण सायकलस्वार बाबांचे सोबती होते की बाबा त्यांचे, हे कुणाला सांगता येईल? लांबच्या वाटेवर असेच होते. कोण कुणाला नेतो आहे, हा हिशेब काही कोसांनंतर राहत नाही.

आपल्या वारीचेही तेच आहे. आळंदीहून पंढरपूर सुमारे अडीचशे किलोमीटर. तिथे पहिला कोण आला, असे कुणी विचारीत नाही. म्हातारी माणसे चालतात, लहान मुले चालतात, काठी टेकीत चालणारेही असतात. एकट्याने जी वाट चालवणार नाही, ती दिंडीबरोबर चालते. लांब पल्ल्याचा हा धडा मराठी माणसाने बॉस्टनहून शिकण्याची आवश्यकता नव्हती. तो आपल्या पायांखालीच होता. आता तो मंडळाच्या जिन्यापर्यंत आणावयाचा आहे.

पन्नास वर्षांचा पल्ला आपण गाठलात. पुढचा टप्पा हीरकमहोत्सवाचा. त्या वर्षीच्या स्मरणिकेत कार्यकारिणीची नावे छापली जातील, नाटकाची श्रेयनामावली छापली जाईल, पदयात्रेत भाग घेतलेल्यांची यादी छापली जाईल. आज जी पस्तीस माणसे आपल्याला दिसत नाहीत, त्यांची नावे त्या याद्यांत इतर नावांसारखीच, वर्णानुक्रमे, कोणत्याही विशेषणाविना यावीत, एवढीच आमची इच्छा आहे.

मंडळाच्या भावी वाटचालीस अंतःकरणपूर्वक शुभेच्छा देऊन आम्ही आपली रजा घेतो.